तुम्ही लेहरा सोडू नका, बाकी तो बघेल

पत्र:

ताई, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचतो, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. मी 45 वर्षांचा आहे, पेटी वाजवतो. पेशा नाही, पण शाळेत असल्यापासून हात आहे. मुलगा 13 वर्षांचा. सातव्या वर्षी त्याला तबल्याच्या क्लासला घातलं, हात फार छान होता त्याचा. घरी रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसायचो, मी पेटीवर लेहरा, म्हणजे तालभर फिरणारी तीच एक धून, धरायचो आणि तो तबल्याचे कायदे, म्हणजे बोलांच्या ठरलेल्या रचना, वाजवायचा. हळूहळू माझं लक्ष त्याच्या चुकांकडेच जायला लागलं. मी थांबवायचो, परत घे म्हणायचो. दीड वर्षापूर्वी घरी पाहुणे आले होते, त्याला वाजवायला बसवलं, तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा तुकडा, समेवर, पहिल्या मात्रेवर, आली नाही आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की इतकी वर्षं शिकून साधी सम सापडत नाही. त्याने हात उचलले, तबल्यावर कव्हर घातलं आणि तेव्हापासून ते काढलेलं नाही. क्लासही सोडला. आता दार लावून, हेडफोन घालून मोबाईलवर बीट बनवत बसतो तासन् तास. आमच्यात बोलणं म्हणजे जेवायला ये, हो आलो, एवढंच. परवा हेडफोन निघाले होते बहुतेक, दाराबाहेर ऐकू आलं, आणि खरं सांगतो ताई, बीट चांगला होता. आत जावंसं वाटलं पण गेलो नाही. रागावून बघितलं, तबल्याची नवीन जोडी घेऊन देतो म्हणून बघितलं, तो फक्त नको म्हणतो. झाकीरभाई काय, किशोरीताई काय, सगळे आईवडिलांकडेच कडक शिस्तीत शिकले ना, मग माझंच काय चुकलं? त्याला परत तबल्याकडे कसं आणू? आणि माझीही पेटी दीड वर्ष बंद आहे, दोन सूर लागत नाहीत, ती दुरुस्त करून घेऊ की राहू दे?

— एक बाबा

उत्तर:

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तीनही वेळा एकाच ठिकाणी अडकले, जिथे तुम्ही म्हणताय की मी लेहरा धरायचो आणि पुढच्याच ओळीत म्हणताय की मी थांबवायचो. तुम्ही पेटीवाले आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार, पण लेहरा धरणाऱ्याने थांबायचं नसतं ना हो. तबलजी चुकला, आडवातिडवा गेला, मात्रा खाल्ली, काहीही झालं तरी लेहरा आपला सोळा मात्रांत फिरत राहतो आणि त्याच्या भरवशावर तो वाजवणारा कुठेही भटकून आला तरी त्याला परत यायला जागा असते. त्या लेहऱ्याचं कामच ते आहे. तुम्ही ज्या क्षणी पेटीवरून हात काढून परत घे म्हणालात त्या क्षणी त्याच्या पायाखालची फरशी काढून घेतलीत, आणि हे एकदा नाही, रोज संध्याकाळी, कितीतरी महिने.

मला तुम्हाला दुखवायचं नाहीये. तुम्ही स्वतःहून लिहिलंत, आणि त्या दिवशी काय बोललात ते शब्द न बदलता लिहिलंत, याला हिंमत लागते. पण तुमचं काय चुकलं हे तुम्ही विचारलंयत तर सरळ सांगते. पाहुण्यांसमोरचं ते वाक्य वाईट होतंच, पण तबला त्या वाक्याने बंद नाही झाला. तो आधीच बंद होत आला होता. रोजच्या त्या बसण्यात तुमच्यासाठी संगीत होतं आणि त्याच्यासाठी परीक्षा होती, आणि ज्या घरात राहायचं तिथेच रोज परीक्षा असेल तर पोरगं एक दिवस पेपर टाकून उठणारच.

आता ते झाकीरभाई आणि किशोरीताईंचं. हा दाखला मला खूप पत्रांतून येतो म्हणून जरा थांबून बोलते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांनी मुलीला, किशोरीताई आमोणकरांना, शिकवलं आणि तिथे लाडाला जागा नव्हती, खरं आहे. तबलावादक उस्ताद अल्लारखाँसाहेबांनी मुलाला, झाकीर हुसेनना, घडवलं तेही खरं. पण झाकीरभाई स्वतःच एक गोष्ट कायम सांगायचे, 1951 सालची, त्यांच्या जन्मानंतरची. बाळ घरी आणलं, वडिलांच्या हातात दिलं, रीत अशी की वडिलांनी कानात प्रार्थना म्हणायची, आणि वडिलांनी त्या कानात तबल्याचे बोल म्हटले. त्यांच्यासाठी तीच प्रार्थना होती. म्हणजे बघा, शिस्त आली ती खूप नंतर, त्याच्या आधी काहीतरी देऊन झालेलं होतं, आणि ते कुठल्याही चुकीशी बांधलेलं नव्हतं. शिवाय त्या घरांमध्ये गाणं-वाजवणं हाच आयुष्याचा धंदा होता, मुलांनी तो पुढे न्यायचा होता. तुमचं घर आहे दादा, घराणं नाही. तुमच्या मुलाला मैफिली करायच्या आहेत असं त्याने कधी म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही मला.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते, चालेल ना? त्याला तबल्याकडे कसं आणू, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तबला कदाचित येईल, कदाचित नाही येणार. तुम्ही दोघं परत एका लयीत कसे याल हा प्रश्न घ्या, त्याचं उत्तर माझ्याकडे थोडंफार आहे.

सगळ्यात आधी माफी मागा, आणि ती छोटी मागा. आपण मोठी माणसं माफी मागायला बसलो की त्यात आपलं बालपण, आपल्या वडिलांनी आपल्याला कसं मारलं, आपला हेतू किती चांगला होता, सगळं घालतो आणि शेवटी समोरच्या पोरालाच आपली समजूत काढावी लागते. तसं नको. गाडीत शेजारी बसलेले असताना किंवा काहीतरी काम करत असताना, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसतं तेव्हा, एवढंच म्हणा की त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोललो ते चुकीचं होतं, मला त्याचं वाईट वाटतं. मग गप्प बसा. तो हं म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. उत्तराची वाट बघू नका आणि त्याच दिवशी चल वाजवूया असं तर अजिबात म्हणू नका, नाहीतर त्याला वाटेल माफी ही वाजवायला बसवण्याची युक्ती होती.

मधे आठवडा जाऊ द्या. मग त्याच्या दारावर टकटक करा आणि सांगा की परवा तुझा बीट ऐकू आला, मला आवडला, कसा बनवतोस ते दाखवशील का. हे तुम्हाला खरंच वाटलंय, पत्रात लिहिलंयत तुम्ही, मग त्यालाच सांगायचं का ठेवलंत?

आणि तो दाखवेल तेव्हा तुम्ही विद्यार्थी व्हा. खरेखुरे. त्या ॲपमध्ये बहुतेक चौकोनांची एक रांग असेल, सोळा चौकोन, ज्या चौकोनावर बोट ठेवाल तिथे आवाज पडतो. ही सोळाची पद्धत जुन्या ड्रम मशीनवरून आलीय, रोलँड कंपनीचं टीआर-808 नावाचं मशीन 1980 मध्ये आलं होतं, त्यावर पण अशीच सोळा बटणं ओळीने होती आणि आज मोबाईलवरची मुलं जो तो घुमणारा बास वापरतात तो बराचसा त्याचाच वारसा आहे. सोळा आकडा दिसला की तुमच्या डोक्यात लगेच त्रिताल वाजायला लागेल, मला माहितीय. धा धिं धिं धा सुरू होईल. आणि त्याहून पुढे, कित्येक बीटमध्ये मधेच एका भागात खालचा बास काढून घेतात आणि मग परत आणतात, ते ऐकून तुम्हाला वाटेल अरे ही तर त्रितालातली ‘खाली’, डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि मग परत येतो तसंच. वाटू दे. पण बोलू नका. प्लीज, पहिल्या दिवशी हे बोलू नका. तुमच्या दृष्टीने ते कौतुक असेल पण त्याला ऐकू येईल की बघ, शेवटी तबलाच. त्याची ती गोष्ट त्याची राहू द्या. त्याने विचारलं, किंवा तो स्वतःच म्हणाला की बाबा हे तर त्रितालासारखंच आहे, तर मग बोला काय बोलायचं ते.

त्या ॲपमध्ये तुमच्याकडून चुका होतील. बोट भलतीकडे पडेल, बीट लंगडा होईल. तिथे तो तुम्हाला कसं सांगतो याकडे लक्ष द्या फक्त. बहुतेक मुलं आईवडिलांना शिकवताना आपण शिकवतो त्यापेक्षा बऱ्या पद्धतीने शिकवतात असा माझा अनुभव आहे.

माझा अनुभव म्हणजे काय ते सांगते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना कीबोर्ड शिकत होती आणि मी तिच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसायचे. चुकलं की वहीत त्या सुराभोवती गोल करायचे. मला वाटायचं मी मदत करतेय. एक दिवस तिने पान उलटलं, ते सगळं गोलांनी भरलेलं होतं, आणि तिने शांतपणे विचारलं, आई तू काहीच का वाजवत नाहीस? मला उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात मी युकुलेले आणलं, चार तारांचं छोटंसं, त्याच्यावर सी कॉर्डला एकच बोट लागतं म्हणून ते निवडलं, पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना माझा हात दर वेळी अडायचा आणि बोटांची टोकं दुखायची. ती कीबोर्डवर चार अंक मोजायची, माझं बोट पोचेपर्यंत मोजत राहायची, पाच सहा सात आठ, थांबायची नाही, आणि मी पोचले की त्या आठव्यानंतर परत एकपासून दोघी सुरू. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तुमचा लेहऱ्याचा प्रकार वाचला तेव्हा मला तेच आठवलं, माझा लेहरा ती धरून बसली होती. मी वहीतले ते गोल नंतर खोडरबरने पुसले, दोन संध्याकाळी लागल्या.

जपानमध्ये शिनिची सुझुकी नावाचे व्हायोलिनचे शिक्षक होऊन गेले, लहान मुलांना शिकवण्याची त्यांची पद्धत जगभर चालते. त्यांच्याकडे मूल आलं की ते आधी आईला किंवा वडिलांना एक साधी धून वाजवायला शिकवायचे. मूल नुसतं बघत बसायचं. घरी पण आई वाजवतेय, आणि मग एक दिवस पोरगं येऊन आईच्या हातातलं व्हायोलिन ओढायला लागतं, की मला पण. तेव्हा कुठे त्याचे धडे सुरू. आधी हवंसं वाटू द्यायचं, एवढंच त्यात आहे, पण ते आपल्याला सुचत नाही कारण आपल्याला घाई असते.

आता वाजवण्याकडे येते. दोनचार वेळा त्याच्या खोलीत जाणं झालं, वातावरण सैलावलं, की तुम्ही विचारा, तुझ्या या बीटवर मी पेटी वाजवून बघू का? त्याच्या बीटवर, हे महत्त्वाचं. तो बॉस, तुम्ही साथीला. साथ हा शब्दच किती छान आहे बघा, वाजवण्यातली पण साथ आणि आयुष्यातली पण साथ, शब्द एकच. साथ करणारा मुख्य वाजवणाऱ्याच्या मागे असतो, त्याला लय लागली की हा लावतो, त्याने उचल घेतली की हा सांभाळतो, आणि त्याचं चुकलं तर असं झाकतो की ऐकणाऱ्याला कळत पण नाही. तुम्ही इतकी वर्षं पेटी वाजवताय, दुसऱ्या कोणाला साथ करताना तुम्ही मधेच थांबून त्याला चूक दाखवाल का? नाही ना. मग आपल्याच पोराला का.

थोडं तांत्रिक सांगते कारण इथे अडलात तर पहिलाच प्रयत्न फसेल. त्याच्या ॲपमधले ते सोळा चौकोन म्हणजे बहुतेक वेळा चार ठोक्यांचा एक बार असतो, एकेका ठोक्याचे चार तुकडे. त्या एकेका चौकोनाला तुम्ही मात्रा धरलीत तर लय इतकी द्रुत होईल की तुमचा हात मोडेल. म्हणून एका ठोक्याला एक मात्रा धरा, असे चार बार झाले की तुमचं एक आवर्तन. बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, 90 च्या आसपास ठेवायला सांगा त्याला, म्हणजे सोळा मात्रांना अकरा सेकंदांच्या जरा आतबाहेर लागतील, आरामाची मध्यलय. त्यावर चंद्रकंस रागातला लेहरा धरून बघा, तुम्हाला येत असणारच, पाचच स्वर आहेत आणि तो गंभीर रंग इलेक्ट्रॉनिक बासवर फार खुलतो, हे मी स्वतः ऐकलंय म्हणून सांगतेय.

सुराचं बघावं लागेल. ॲपमधले आवाज बहुतेक वेळा 440 हर्ट्झच्या ठरलेल्या प्रमाणात पक्के बसवलेले असतात आणि तुमची पेटी जुनी असेल तर ती किंचित चढी किंवा उतरी असू शकते. नुसते ड्रम असतील तर फारसा फरक पडत नाही, पण त्याने बास किंवा एखादी धून घातली असेल तर कानाला खुपेल. पेटीचे सूर तर पिळता येत नाहीत, मग त्यालाच सांगा की बाबाच्या पेटीची ‘काळी एक’, म्हणजे पहिली काळी पट्टी, मोबाईलवर कुठे येतेय बघ आणि तुझा बास तिथे आण. बहुतेक ॲपमध्ये बारीक सूर वरखाली करायची सोय असते. हे काम त्याला आवडेल कारण ते खरं काम आहे, आपण लहान मुलांना उगाच गुंतवून ठेवायला देतो तसलं नाही. अजून एक, तो स्क्रीनवर बोटाने लाइव्ह ठोके वाजवणार असेल तर ब्लूटूथ स्पीकर नको, वायरचा घ्या. वायरलेसमध्ये आवाज थोडा उशिरा येतो, त्याला वाटेल आपण मागे पडतोय आणि तुम्हाला वाटेल तो लयीत कच्चा, आणि दोघांचंही चुकलेलं नसताना भांडण.

दहा मिनिटं वाजवा. खरंच दहाच. तुम्हाला अजून वाजवावंसं वाटत असताना उठा. दीड वर्षाची भूक एका संध्याकाळी भागवायला जाऊ नका. आणि नियम एकच आणि तो फक्त तुमच्यासाठी, तुमचे हात पट्ट्यांवरून उठणार नाहीत. तो थांबला तरी तुम्ही एक आवर्तन फिरून या. त्याने मधेच बीट बदलला, लय सोडली, काही विचित्र आवाज घातला, तरी फिरत राहा. चेहऱ्याकडेही लक्ष द्या दादा, कारण तोंडाने काही न बोलता भुवयांनी पण थांब म्हणता येतं आणि त्याला तुमच्या भुवया सात वर्षांचा असल्यापासून पाठ आहेत.

झालं की छान वाजवलंस असंही लगेच नको. ती पण मार्कच. त्यापेक्षा जे घडलं ते बोला, की तू तो बास मधे काढून घेतलास ना तेव्हा मला एकदम पोकळीत गेल्यासारखं वाटलं, पुढच्या वेळी तिथे मी पण थांबू का? हा एका वाजवणाऱ्याने दुसऱ्या वाजवणाऱ्याला विचारलेला प्रश्न झाला. त्याला तुमच्याकडून असा प्रश्न आजवर आलेला नाहीये बहुतेक.

रेकॉर्डिंग करा, पण त्याला विचारून, आणि ते फक्त तुमच्या दोघांच्या मोबाईलमध्ये राहू द्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तुमचा आनंद मी समजू शकते, दीड वर्षाने पोरगं शेजारी बसलं म्हटल्यावर कोणालाही सांगावंसं वाटेल, पण त्या पाहुण्यांच्या संध्याकाळी काय झालं होतं आठवा. ग्रुपवर टाकणं म्हणजे त्याच पाहुण्यांना परत घरी बोलावणं. त्याला स्वतःला टाकावंसं वाटलं तर तो टाकेल, त्याच्या मित्रांना पाठवेल, तुमचं नाव पण घालेल कदाचित.

गाण्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे आवाज फुटायचं वय, म्हणून एवढं सांगून ठेवते. या वयात मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली येतो, आणि तो एका दिवसात येत नाही, मधले कितीतरी महिने कधी वर कधी खाली फाटत राहतो. तेव्हा बीटवर काहीतरी गा ना, असा आग्रह करू नका. तो स्वतःहून गुणगुणला तर पेटी त्याच्या सोयीच्या पट्टीत न्या, तुमची पट्टी सोडा, आणि आवाज फाटला तर ऐकू आलाच नाही असं समजा.

आता तो नाही म्हणाला तर? शक्य आहे. टकटक केल्यावर नको म्हणेल, दुसऱ्यांदाही म्हणेल. तेव्हा बरं म्हणायचं, आणि खरोखर बरं वाटून म्हणायचं, तोंड पाडून नाही. मग बाहेर येऊन तुमची पेटी काढायची आणि स्वतःसाठी वाजवायची, दार उघडं ठेवून. जे येतं ते नको, एखादी नवीन गोष्ट घ्या, अडखळत वाजवा, चुका, परत घ्या, त्याला ऐकू जाऊ द्या. त्याने आजपर्यंत तुम्हाला फक्त बरोबर असतानाच बघितलंय. बाबा पण चुकतात आणि चुकून पुढे जातात, मधे कोणी ओरडत नाही, हे भिंतीपलीकडून आठवडेच्या आठवडे ऐकू आलं तर त्याचा उपयोग तुमच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त होईल. आणि हे नाटक म्हणून करू नका, दीड वर्ष तुम्ही पण वाजवलेलं नाहीये. तुम्हालाही त्याची गरज आहे. पत्रात तुम्ही सगळं पोराबद्दल लिहिलंत आणि स्वतःची पेटी बंद असल्याचं शेवटी एका ओळीत, पण मला तीच ओळ सगळ्यात जास्त लागली.

उशीर झाला का, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी ते मला दिसतंय ओळींमधून. नाही झाला. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या सँडी वॉलेस आणि जेक हारवुड यांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, तरुण मुलामुलींना विचारलं की लहानपणी आणि किशोरवयात आईवडिलांबरोबर संगीताचं काय काय केलं होतं आणि आज त्यांच्याशी नातं कसं आहे. ज्यांनी एकत्र ऐकलं-वाजवलं होतं त्यांना नातं जास्त जवळचं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे हा संबंध अंगाई-बडबडगीतांच्या वयापेक्षा किशोरवयातल्या आठवणींशी जास्त घट्ट निघाला. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पक्का ठरत नाही, जिथे नातं चांगलं तिथेच एकत्र वाजवणं होत असेल असंही असू शकतं, पण तेरा म्हणजे वेळ गेली असं मानायचं काही कारण नाही एवढं तर नक्की. त्यांनी एक मुद्दा एकत्र लयीत हालण्याचाही मांडलाय, आणि तो मला पटतो. 2014 मध्ये लॉरा सिरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा चौदा महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग आला होता. बाळाला संगीताच्या ठेक्यावर झुलवायचं, समोर एक अनोळखी बाई, ती त्याच ठेक्यावर झुलली तर नंतर तिच्या हातून वस्तू पडल्यावर बाळं ती उचलून द्यायला जास्त धावली, आणि ठेका सोडून झुलली तर कमी. चौदा महिन्यांच्या जिवाला धड बोलता येत नाही, पण हा माणूस माझ्या लयीत आहे हे कळतं. तुमच्या पोराला तर तुमचा लेहरा चार-साडेचार वर्षं ऐकून कळलेला आहे.

तबल्याचं शेवटचं सांगते. ते कव्हर तुम्ही काढू नका. पुसायला म्हणूनही नाही, वादी, म्हणजे ताण देणारी चामड्याची पट्टी, सैल झालीय का बघायला म्हणूनही नाही. नवीन जोडीचं आमिष तर आता कायमचं बंद करा. ते कव्हर त्याने घातलंय आणि ते त्यालाच काढू दे किंवा राहू दे.

आणि पेटी. हो, दुरुस्त करा, पण कारागिराकडे टाकून मोकळे होऊ नका, आधी घरी उघडून बघा. सुरांची फळी उघडली की सूर दिसतात, बंद पडलेल्या सुरात बहुतेक वेळा पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो, पातळ कागदाचा तुकडा अलगद खालून सरकवला तर निघतो. जीभ वाकवू मात्र नका, वाकली की सूर गेला. फळी परत बसवली की एकाने भाता मारायचा आणि पट्टी दाबायची, दुसऱ्याने कान देऊन ऐकायचं, आणि सूर लागला की मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये तो कुठे येतोय ते तपासायचं. एका माणसाला हे नीट जमत नाही. त्याला हाक मारा आणि म्हणा जरा भाता मारतोस का, दोन सूर लागत नाहीयेत. वर ज्या छोट्या माफीचं बोलले ना, ती मागायला ही जागा फार बरी आहे, दोघांच्या माना पेटीत असतील.

नाहीच निघाला कण तर मग कारागिराकडे न्या. आणि लेहरा कुठला धरलात ते मला नक्की कळवा.

— तुमची ताई